तीन पत्रं आणि तुतीची बाग

हैदराबादेत आमच्या कुकटपल्लीच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एक पुण्याचं कुटुंब राहतं. नवरा-बायको दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांची मुलगी सानिका गेल्या वर्षी वैमानिक झाली, म्हणजे व्यावसायिक परवाना तिच्या हातात आला. परवाना आला की नोकरी आलीच, असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. खरी डोकेदुखी तिथून सुरू होते. मागच्या महिन्यात ती माझ्याकडे आली, सोफ्यावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "काका, तीन ऑफर्स आहेत आणि तिन्ही वीअर्ड आहेत. कुठली घेऊ, प्लीज सांगा."

मी निवृत्त कॅप्टन. मला कुणी सल्ला विचारला की मी फुगतो, हे माझी बायको कुणालाही सांगेल. पण त्या दिवशी सल्ला दिला नाही. कपाटावरची जुनी लॉगबुकं खाली काढली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकबाई तीन आठवडे माझ्या मागे लागलेल्या होत्याच, तेव्हा म्हटलं, सानिकाला जे सांगितलं तेच लिहून द्यावं. सानिका स्वतः काही हे वाचणार नाही. मराठी बोलते झकास, वाचताना मात्र दर ओळीला ठेचकाळते. तिची आई वाचून दाखवेल.

लॉगबुक म्हणजे वैमानिकाची वही. प्रत्येक उड्डाण तिच्यात लिहायचं: तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ. शेवटी एक अरुंद रकाना असतो, शेऱ्याचा. बहुतेकांचा तो रकाना जन्मभर कोरा राहतो. माझ्या पहिल्या वहीत त्या रकान्यात दोन शेरे आहेत. एकामुळे माझी नोकरी गेली असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. दुसऱ्याचं पुढे सांगतो.

मी परवाना काढला तेव्हा देशात प्रवासी विमानावर जायचं तर दार एकच, सरकारी. त्या दारात माझ्या आधीच्या पाच-सहा वर्षांतली पोरं रांग लावून उभी. मग वारं फिरलं. सरकारने आकाश खाजगी कंपन्यांना मोकळं केलं आणि ज्याच्या त्याच्या तोंडी विमान कंपनी काढायची भाषा आली. काल ट्रकांचा धंदा करणारा आज विमानांचे फोटो खिशात घेऊन हिंडत होता. त्या धामधुमीत एका आठवड्यात माझ्या नावाची तीन पत्रं काचीगुड्याच्या आमच्या घरी येऊन पडली.

आमचं मूळ गाव परभणीकडचं. निजामाच्या काळात आजोबांनी शेती भावांवर सोपवून हैदराबादला बिऱ्हाड केलं. वडील, म्हणजे नाना, काचीगुडा स्टेशनात पार्सल ऑफिसात होते. तिन्ही पत्रं त्यांनी चष्मा लावून वाचली.

पहिलं मुंबईच्या एका नव्या कंपनीचं. प्रशिक्षणार्थी सहवैमानिक म्हणून घेतो, गणवेश देतो, पण विमानं अजून यायची आहेत, तोवर तिकीट खात्यात बसावं लागेल. आत्ता आला नाहीत तर पुढच्या वेळी मुलाखत देऊन या, आणि तेव्हा उड्डाणाचे तास जास्त असतील त्यांचा विचार आधी होईल. दुसरं बेगमपेठच्या फ्लाइंग क्लबचं, मी जिथे शिकलो तिथलंच. साहाय्यक प्रशिक्षक. तिसरं राजूगारूंचं.

गारू म्हणजे तेलुगूतलं 'राव'. राजूगारू स्वतः एकेकाळचे वैमानिक. गुडघे गेल्यावर त्यांनी शेतांवर औषध फवारायचा धंदा काढला होता. दोन छोटी विमानं, एक जीप आणि हमीदभाई नावाचा मेकॅनिक, एवढी त्यांची कंपनी. पत्र टाइपसुद्धा केलेलं नव्हतं. "कापसाचा हंगाम आहे. उडायचं असेल तर ये," एवढंच तेलुगूत लिहिलेलं.

आईला मुंबई हवी होती. गणवेशातला फोटो तिने मनातल्या मनात भिंतीवर लावूनसुद्धा टाकला होता. नाना म्हणाले, "ज्याच्यापाशी जहाज नाही त्याची नोकरी तू करणार? अजब बात आहे. क्लबात जा. दुपारी घरी जेवायला येशील."

नानांचं चुकत नव्हतं. पण क्लबात मला पुढची तीन वर्षं शिकाऊ पोरं विमानं धडाधड आपटत असताना शेजारी हात मांडीवर ठेवून बसायचं होतं, आणि मुंबईत तर खुर्चीवरच बसायचं होतं. मला उडायचं होतं. हैदराबादच्या त्या वयातल्या पोरांत एक ताठा असतो, तो माझ्यात जरा जास्तच होता. बेगमपेठला हॅंगरच्या मागे हमीदभाई चहा पीत उभे होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मियाँ, कुर्सी पे बैठ के घंटे बनते क्या? आ जाव. मगर अम्मीजान को नक्को बोलो के हम कित्ता नीचे उडते." मी गेलो. आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही की आम्ही किती खालून उडतो.

किती खालून, ते तुम्हाला सांगतो. माणसाच्या डोक्याच्या थोडंसं वर. विमानात सीट एकच. समोर औषधाची टाकी, पंखांखाली तोट्यांची नळी, डाव्या हाताशी एक दांडा. दांडा ओढला की तोट्या सुरू, सोडला की बंद. वारा उठायच्या आत काम उरकायचं म्हणून सूर्य वर येताच सुरुवात. शेताच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस बांबूला पांढरं फडकं बांधून उभा असतो. तो झेंडा. तुम्ही समोरच्या झेंड्यावर नेम धरायचा, नाकासमोर सरळ उडायचं, झेंड्याच्या अलीकडे दांडा सोडायचा, विमान वर घ्यायचं, वळवायचं. तुम्ही वळेपर्यंत झेंडेवाला मोजून पावलं टाकत बाजूला सरकलेला असतो. परत येताना नवा पट्टा. झेंडेवाल्याची मोजणी चुकली तर मधला कापूस किडीला आंदण. सगळा धंदा त्या माणसाच्या पावलांवर चालायचा आणि त्याचं नाव कुठल्याच वहीत नसायचं.

एकच सीट म्हणजे शिकवणारा जमिनीवर. पहिला महिना मी टाकीत नुसतं पाणी भरून सराव केला. राजूगारू छत्री घेऊन बांधावर उभे राहत आणि मी चुकलो की छत्री हलवत. एकदा मी दांडा सोडायला विसरलो आणि मालकाला छत्रीसकट भिजवलं. दुपारी जेवताना त्यांनी माझ्या ताटातलं लोणचं उचलून घेतलं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. वरंगळकडच्या एका कापूसवाल्याने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, फवारणी झाली नाही तरी चालेल, पण शेजारच्या गावात सासऱ्याच्या घरावरून एक फेरी मारा आणि विमानाला माझ्या नावाची पाटी लावा. मी म्हटलं, पाटी वाचायला सासऱ्याला गच्चीवर पळत यावं लागेल. तो म्हणाला, तेच तर बघायचंय.

असे दोन महिने मजेत गेले. तास भराभर चढत होते. नानांचं पत्र आलं की मुंबईच्या कंपनीची विमानं आली, मुलाखतीचं बोलावणं घरी येऊन पडलंय, पंधरा दिवस आहेत. मी त्या दिवशी तरंगतच होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातून ती चूक झाली.

शेत मोठं होतं, शेवटचे चार पट्टे उरले होते. वळून आलो, समोर पांढरं फडकं दिसलं, नेम धरला, दांडा ओढला. अर्ध्यात गेल्यावर लक्षात आलं की त्या फडक्याला काठ आहे. ते धोतर होतं. गावच्या परटाने शेजारच्या बांधावर काठी रोवून वाळत घातलेलं. खरा झेंडा उजवीकडे बराच लांब होता, आणि माझ्याखाली कापूस नव्हताच. तुतीची बाग होती.

आजही मला राग येतो तो याचा. मी मुळात शेतकऱ्याच्या घराण्यातला. कापसाचं हिरवं वेगळं, तुतीचं वेगळं, हे मला कळायला हवं होतं. पण माझं अर्धं मन मुंबईत मुलाखतीच्या खोलीत बसलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, तुतीचा पाला रेशमाच्या अळ्यांना घालतात. अळ्या कोष करायच्या आधीचे शेवटचे पाच-सहा दिवस अधाशासारख्या खातात. औषध पडलेला पाला खाल्ला तर संपल्याच.

उतरलो आणि राजूगारूंना सांगितलं. त्यांनी बोट ओलं करून वारा बघितला. मग म्हणाले, "वारा होता, बाबू. वाऱ्याने उडालं. तू कुणाला काही बोलू नकोस, वहीतही काही लिहू नकोस. अळ्या मरायला शंभर रोग असतात. मुलाखतीला कोरी वही घेऊन जा."

राजूगारू वाईट माणूस नव्हते. माझं भलंच बघत होते. खरं सांगतो, एक मिनिट मी गप्प उभा राहिलो आणि ते मिनिट मला आवडलं होतं. वारा होता म्हटलं की झालं. मग मला आठवलं की पाला अजून झाडावरच आहे. आत्ता जाऊन सांगितलं तर अळ्या वाचतील, आणि नाही सांगितलं तर त्यांना मारणारा मीच. हमीदभाई हात पुसत आले. त्यांनी मालकाकडे बघितलंच नाही. "चलो, जीप में बैठो," म्हणाले.

बाग लक्ष्मम्मा नावाच्या बाईंची होती. पन्नाशीच्या, बारक्या, काटक. शेडमध्ये तट्ट्यांच्या थराथरांवर पांढऱ्या जाड अळ्या आणि पानं कुरतडल्याचा बारीक आवाज. मी तेलुगूत सगळं सांगितलं. झेंडा, धोतर, सगळं. बाई किंचाळतील, चार माणसं गोळा होतील, असं धरूनच मी गेलो होतो. त्यांनी फक्त माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कळ्ळु लेवा?" म्हणजे, डोळे नाहीत का?



मग त्या सुनेला हाका मारत बागेकडे धावल्या. सुनेने तेवढ्यात कडेचा टोपलीभर पाला तोडून आणला होता आणि एका तट्ट्यावर घातला होता. त्या तट्ट्यातल्या अळ्या दुपारपर्यंत मान वर करून हिरवं पाणी ओकायला लागल्या आणि संध्याकाळी सगळ्या गेल्या. लक्ष्मम्मांनी तो तट्टा स्वतः उचलून बाहेर नेला. मी हात लावायला पुढे झालो तर म्हणाल्या, "तू नको."

बाकीच्या तट्ट्यांना पाला हवा होता. त्यांच्या भावाची बाग जीपने तासाभरावर होती. पुढचे सहा दिवस आमचं एकच चाललं: सकाळी फवारणी, मग हमीदभाई आणि मी जीप घेऊन पाला आणायला. राजूगारू पहिल्या दिवशी भडकले, दुसऱ्या दिवशी बोलेनासे झाले, तिसऱ्या दिवशी जीपमध्ये डिझेल भरून ठेवलेलं दिसलं. सहाव्या दिवशी अळ्या कोष करायला लागल्या. लक्ष्मम्मांनी आम्हाला शेडच्या दारात चहा दिला. आत बोलावलं नाही.

वही मात्र अजून लिहायची राहिली होती. मी हमीदभाईंना विचारलं. ते म्हणाले, "जो उडे सो लिखे ना? फिर जो हुआ सो भी लिखो. बाकी तुमारी मर्जी." मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: "चुकीचा झेंडा धरला. शेजारच्या तुतीवर औषध पडलं. चूक माझी."

घरी आल्यावर नानांना वही दाखवली आणि म्हटलं, पान फाडलं तर मोजदाद चुकेल, पण वही हरवली असं सांगता येतं. नाना पार्सल ऑफिसातले. जन्म खोकी उतरवून घेण्यात गेलेला. ते म्हणाले, "फुटलेलं खोकं आलं तर पावतीवर 'फुटलेलं' लिहायचं असतं. आपण नाही लिहिलं तर पुढच्या स्टेशनातल्या गरिबाच्या गळ्यात पडतं. तू लिहिलंस ना? मग आता हात लावू नको."

मुलाखतीला तिघं होते. तास बघून खूश झाले. मग एकाने ते पान उघडलं, दुसऱ्याला दाखवलं आणि दोघं हसले. "हे तुम्हाला लिहायला कुणी सांगितलं होतं?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग?" मी म्हटलं, झालं होतं म्हणून. तिसऱ्याने वही मिटली. कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं नाही. माझ्याबरोबर गेलेल्या दोघांना महिन्याभरात गणवेश मिळाला. त्यांचे फोटो त्यांच्या आयांनी भिंतीवर लावले. मी न्हाणीघरात नळ सोडून रडलो, आता या वयात खोटं कशाला सांगू. आई बाहेर उभी होती, तिने दार वाजवलं नाही. मात्र त्या रात्री जेवायला श्रीखंड होतं, विनाकारण.

ती कंपनी दोनेक वर्षांत बंद पडली. त्यात माझा हात नाही. माझ्या शेऱ्यामुळेच त्यांनी मला घेतलं नाही की आणखी कशामुळे, हेही मला कधी कळलं नाही. त्या वर्षी बेगमपेठच्या क्लबात मी पोरांना शिकवलं, म्हणजे नानांच्या मनासारखं झालं, आणि दुपारी घरी जेवायलाही येत होतो. पुढच्या हंगामात राजूगारूंचं पुन्हा पत्र आलं, तेवढंच लांब. मी गेलो. त्यानंतर एका दुसऱ्या कंपनीत मुलाखत झाली. समोर एकच म्हातारे कॅप्टन होते. त्यांनी तेच पान उघडलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, "त्या गावावर पुन्हा उडालात?"

"हो, सर."

"कुठलं पान?"

मी पान काढून दिलं. तिथे दुसरा शेरा आहे, दोनच शब्दांचा. त्यांनी तो वाचला, त्याचा अर्थ विचारून घेतला आणि कधीपासून येता म्हणाले. तिथे लागलो तो निवृत्त होईपर्यंत उडत राहिलो. मोठी विमानं, मोठी शहरं, त्याचं सगळं वर्णन इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं केलेलं आहे.

सानिकाने ते दुसरं पान बघितलं. तिने अक्षरं लावून वाचलं, "झेंडा... लक्ष्मम्मा. म्हणजे काय, काका?"

म्हणजे असं. दुसऱ्या हंगामात त्या गावच्या लोकांनी राजूगारूंना सांगितलं होतं की तुतीशेजारी विमान आणायचं नाही. कापूसवाले एकीकडे, तुतीवाले एकीकडे, पंचायतीत बरीच खडाजंगी झाली. माझं तोंड तर मी लपवूनच बसलो होतो. शेवटी लक्ष्मम्मा उठल्या. म्हणाल्या, "मागच्या वेळी सांगायला आला तोच पोरगा उडणार असेल तर येऊ दे. पण माझ्या बांधावर झेंडा मी धरणार."

झेंडा धरणं हे बायकांचं काम नव्हतं, म्हणजे कुणी तसं ठरवलेलं नव्हतं, पण तोवर कुणा बाईने धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी सूर्य वर आला तेव्हा मी विमान वळवलं आणि समोर बघितलं. कापूस जिथे संपतो आणि तुती जिथे सुरू होते त्या बांधावर लक्ष्मम्मा उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातात बांबू, त्याला पांढरं फडकं. परटाला त्या दिवशी गावाने कपडे वाळत घालू दिले नव्हते, तरी मी चारी बाजूंना दोनदा बघितलं. मग नेम धरला.

झेंडेवाले विमान जवळ आलं की थोडे आधीच सरकतात. अंगावर औषध नको असतं आणि खरं म्हणजे भीतीही वाटते. त्या सरकल्या नाहीत. मला त्यांचं तोंड दिसायला लागलं, कपाळावरचं कुंकू दिसलं, तरी त्या तिथेच. मी दांडा नेहमीपेक्षा कितीतरी आधी सोडला आणि विमान वर घेतलं. मागे वळून बघितलं तर बाई मान खाली घालून पावलं मोजत पुढच्या पट्ट्यावर चालल्या होत्या. असे आम्ही दोघांनी मिळून अकरा पट्टे मारले. तुतीच्या एका पानावर थेंब पडला नाही. कापसाची कडेची एक ओळ मात्र माझ्या भीतीपोटी कोरडी राहिली आणि कापूसवाला त्यावरून हंगामभर कुरकुरत होता.

उतरल्यावर चालत त्यांच्याकडे गेलो. त्या बांधावर बसून पाणी पीत होत्या. झेंडा शेजारी रोवलेला. मी जवळ गेलो तसं त्यांनी तांब्या माझ्यापुढे केला आणि विचारलं, "ईसारि कळ्ळु तेच्चुकुन्नावा?" या वेळी डोळे घेऊन आलास का?

"तेच्चानम्मा," मी म्हटलं. आणलेत.

मग त्यांनी झेंडा खांद्यावर टाकला आणि मला पाला तोडायला बागेत बोलावलं.